ताळा कुणाचा कुणाशी?

जूनच्या पहिल्या रविवारी यावल तालुक्यातल्या आमच्या घरी ओट्यावर तीन वस्तू मांडल्या होत्या. धाकट्या भावाची दोनशेपानी वही, आदल्या दिवशी छापून आणलेलं पासबुक आणि पुतणीचा मोबाइल, त्यात खर्चाचं अ‍ॅप. वहीत शिल्लक ४१,२६० रुपये. पासबुकात ४८,८०६ रुपये ३० पैसे. अ‍ॅपमध्येही ४८,८०६ रुपये ३० पैसे.

‘काका, अ‍ॅप आणि बँक पैशाला पैसा जुळतंय. पप्पांचीच वही चुकलीय,’ पुतणी म्हणाली.

चुकली नव्हती. तिघांत काम करत होती ती एकटी वहीच. अ‍ॅपला आकडे मिळतात बँकेच्या एसएमएसमधून. बँकेचा आकडा बँकेच्याच आकड्याला लावून पाहिला तर तो जुळणारच. याला ताळा म्हणत नाहीत, नक्कल म्हणतात. ताळ्याला दोन माणसांनी आपापल्या जागी, एकमेकांचं न बघता केलेल्या दोन नोंदी लागतात. गुणाकाराचा ताळासुद्धा आपण वेगळ्या वाटेने करायचो, तोच गुणाकार पुन्हा बघून उतरवायचो नाही.

मग बसलो. भावाने ठिबकच्या नळ्यांसाठी कृषी केंद्राला ८,००० रुपयांचा चेक दिला होता. वहीत तो गेलेला, पण दुकानदाराने बँकेत अजून टाकलेला नव्हता. म्हणजे बँकेत ४९,२६० असायला हवे होते. होते ४८,८०६.३०. फरक ४५३ रुपये ७० पैसे. ‘जाऊ दे ना, साडेचारशेचा तर प्रश्न,’ वहिनी म्हणाली. पण रुपया जुळेपर्यंत उठायचं नाही, हे आम्हाला वडिलांनी शिकवलेलं. केळीची पट्टी हातात आली की वजन, भाव, कपात हे सगळं ते दिव्याखाली पुन्हा मांडायचे.

सत्तर पैशांनीच पहिला धागा दिला. १७ रुपये ७० पैसे: तिमाहीचे एसएमएसचे १५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २.७०. राहिले ४३६. पासबुकात त्या ओळीपुढे चारपाच इंग्रजी अक्षरं होती, मधेच तुटलेली. अ‍ॅपने ती रक्कम ‘इतर’ या रकान्यात टाकून दिली होती.

४३६ हा आकडा प्रत्येकाने पाठ करावा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा हा वर्षाचा हप्ता. १ जून २०२२ पासून तो ३३० वरून ४३६ झाला. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून मे संपता संपता तो खात्यातून आपोआप कापला जातो. दोन लाखांचं संरक्षण मिळतं, योजना चांगली आहे, घ्यावी. पण भाऊ म्हणाला, ‘तो तर माझा दुसऱ्या खात्यातून जातो.’ दुसरं पासबुक काढलं. तिथेही ४३६. मागची पानं चाळली तर आदल्या वर्षीही दोन्हीकडे. पीककर्जाच्या कागदांवर एकामागून एक सह्या करताना पहिल्या बँकेतला अर्जही सही होऊन गेला होता. नियम असा आहे की खाती कितीही असली तरी संरक्षण दोन लाखांचंच, आणि जादा भरलेला हप्ता जप्त होऊ शकतो.

दोन वर्षं अ‍ॅप आणि बँक पैशाला पैसा जुळत होते, आणि दोन वर्षं हे चालू होतं.

सॉफ्टवेअरवर माझा राग नाही. जळगावच्या दाणा बाजारात ज्या पेढ्यांवर पूर्वी रोजमेळ लिहिला जायचा तिथे आज टॅली आहे, आणि टॅलीत बँकेचा ताळा करताना प्रत्येक चेकपुढे तो बँकेत कधी वटला ती तारीख आपणच घालायची असते. जीएनयूकॅश नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, घरगुती हिशेबाला पुरून उरतं. त्यात ताळ्याची खिडकी उघडली की पासबुकातली अखेरची तारीख आणि शिल्लक लिहायची, मग आपल्या एकेका नोंदीवर खूण करत जायचं. खाली फरक दिसत राहतो, तो शून्य झाला की काम झालं. अकरावी वाणिज्यला हेच ‘बँक जुळवणी पत्रक’ म्हणून शिकवतात. वाईट सवय आहे ती सगळं बँकेतून ओढून घेण्याची. नोंद आधी आपली, पैसे गेले त्याच दिवशीची. बँकेची फाइल त्यानंतर. हा क्रम उलटला की सॉफ्टवेअर कितीही महागडं असो, ते फक्त रंगीत पासबुक.

क्यूआर कोड आल्यापासून हे जास्तच निकडीचं झालं आहे. धुळ्याच्या आग्रा रोडवर एक फेरी मारली की चहा, भाजी, मोबाइलचं कव्हर असे सहासात व्यवहार होतात. पासबुकात त्यांची होते एकेक ओळ: बाराआकडी क्रमांक आणि दुकानदाराच्या नावाची तुटकी अक्षरं. आठ दिवसांनी ती ओळ कुणाची, हे सांगायला आपली नोंदच लागते. आणि त्यात एखादी ओळ आपली नसलीच तर? रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकांनी ठरवून दिलं आहे: चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्यानेच पैसे काढले, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण कळवलं, तर आपल्यावर एक पैसाही बसत नाही. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत आपल्यावर. त्यापुढे बँकेचं धोरण म्हणेल तसं. सहकारी बँकांनाही हाच नियम आहे. म्हणून ‘मार्चअखेर बघू’ ही आपली खान्देशी सवय आता सोडायला हवी.

त्याच वर्षीच्या आणखी एका परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पासबुकातल्या नोंदी ग्राहकाला कळतील अशा असाव्यात, आणि ठेवीला विम्याचं संरक्षण किती, हे पासबुकात सुरुवातीलाच छापलेलं असावं. हे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख रुपये आहे. पतसंस्थांना ते नाही. जळगावला हे समजावून सांगायची गरज पडू नये. भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था, आपण जिला बीएचआर म्हणतो, तिचं मुख्यालय इथलंच. दहा वर्षांपूर्वी ती कोसळली तेव्हा लोकांच्या हातातल्या ठेवपावत्या आणि पासबुकं एकमेकांशी चोख जुळत होती. दोन्ही त्याच संस्थेने छापलेली होती. घरच्या वहीने ते पैसे वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण संस्थेने छापलेले दोन कागद जुळले म्हणून निर्धास्त राहू नये, एवढं या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. वहीत प्रत्येक खात्याच्या नावापुढे ‘विमा आहे’ किंवा ‘विमा नाही’ एवढं लिहून ठेवा.

भावाने सोमवारी त्या पहिल्या बँकेत हप्ता बंद करण्याचा लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पुतणीने अ‍ॅप काढलेलं नाही, पण त्यातलं ‘आपोआप’ बंद केलं. आता रोज रात्री ती पप्पांना विचारून नोंदी हाताने घालते.

तुम्हीही करा. गावच्या बाजाराच्या दिवशी, पिशवी रिकामी करून झाली की अर्धा तास बसा. आपली शिल्लक लिहा, न वटलेले चेक त्यात मिळवा, भरलेले पण अजून जमा न झालेले वजा करा आणि पासबुकाशेजारी ठेवा. फरक आला तर लगेच बँकेत जा, विचारा, आणि उत्तर लेखी मागा.