पणजोबा, हाजिर हो!

कालपर्यंत पणजोबांचं नाव विचारलं की डोकं खाजवणारी मंडळी आज त्यांच्यासाठी तहसीलच्या खेपा घालताहेत. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला बसली आणि महाराष्ट्रात पूर्वजप्रेमाला पूर आला.

या प्रेमाचं मुख्य तीर्थक्षेत्र म्हणजे गाव नमुना 14, अर्थात कोतवाल बुक. कोण जन्मलं, कोण गेलं, कशानं गेलं आणि जात कोणती, सगळं त्यात. जुनी पानं मोडीत, त्यामुळे एरवी कुणी न विचारणारा मोडीवाचक सध्या जावयापेक्षा मानाचा. त्यात पुणे जिल्ह्यात तळेगावं दोन: शिरूर तालुक्यातलं ढमढेऱ्यांचं आणि मावळातलं दाभाड्यांचं. नुसतं ‘तळेगाव’ म्हणालात तर भलत्याचाच पणजोबा पदरात पडायचा. तो कुणबी निघाला, तर परत करणं जिवावर येणार!

नोंद सापडली तरी सुटका नाही. बारशाआधीच लिहिलेली, म्हणून पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’. कोणता मुलगा, ते तुम्ही ठरवा. शाळेच्या दाखल्याचा आधार घ्यावा, तर गुरुजींनी अर्धा गाव 1 जूनला जन्माला घातलेला.

आता 1969 च्या कायद्यानं जन्म-मृत्यू 21 दिवसांत कळवायचा असतो. म्हणजे आपल्या पणतवंडांना आपण चटकन सापडू. फक्त त्यांनी शोधावं म्हणून एखादी सवलत मागे ठेवून जायला हवं.