रामसीस फेन?

आमचे मामा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले, पण खातं मामांमधून अजून निवृत्त झालेलं नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूला चतुःसीमा असतात आणि प्रत्येक माणसाचा कुठं ना कुठं उतारा निघतोच, हा त्यांचा धर्म. अशा माणसाला घेऊन मी कैरोला गेलो.

मामांना तिथं एकालाच भेटायचं होतं. प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस दुसरा, कैरोकरांच्या तोंडी 'रामसीस'. सहासष्ट वर्षं राज्य केलं, देशभर स्वतःचे पुतळे बसवले, मोकळी भिंत दिसली की तिच्यावर नाव कोरलं. मामा म्हणाले, "एवढा मोठा खातेदार. सापडायला कसली अडचण?"

येण्याआधी मामांनी पुस्तकावरून अरबी घोकली होती. पुस्तकात 'कुठे' म्हणजे 'अयना'. कैरोत 'अयना' म्हणतो तो बातम्या सांगणारा. रस्त्यावरची माणसं 'फेन' म्हणतात, आणि तेही शेवटी. आधी वस्तू, मग फेन. मेट्रो फेन? कोशरी फेन? मामा खूश झाले. "हे बरंय. एसटी स्टँड कुठंय, तसंच."

तहरीर चौकात मामांनी एका सुटाबुटातल्या गृहस्थांना थांबवलं. "लव समहत, रामसीस फेन?"

कैरोत असा प्रश्न एका माणसाला विचारला, तरी तो एकाजवळ राहत नाही. पाहुण्याला 'ठाऊक नाही' म्हणून वाटेला लावणं या गावाला जमत नाही. गृहस्थांनी शेजारच्या बूटपॉलिशवाल्याला विचारलं, त्यानं पेपरवाल्याला हाक मारली, रस्ता ओलांडता ओलांडता एक विद्यार्थी आपणहून सामील झाला. आम्ही भारतातले म्हटल्यावर "अमिताब बच्चन!" असा एकमुखी गजर झाला आणि प्रत्येकानं आमच्याशी हस्तांदोलन केलं. त्यानंतर तीन हात तीन दिशांना उठले आणि तिघंही म्हणाले, "अला तूल!" म्हणजे सरळ, नाकासमोर.

निघताना पेपरवाल्यानं मामांच्या पांढऱ्या केसांकडे पाहून आदरानं हाक मारली. मोठ्या वयाच्या माणसाला हज यात्रा करून आलेला समजून हाक मारायची, ही तिथली रीत. पण कैरोच्या जिभेवर 'ज' बसत नाही, त्याचा 'ग' होतो. "या हाग्ग!" मामा दचकून माझ्याकडे वळले. "काय म्हणाला रे तो?" म्हटलं, "मामा, तो मान आहे. घ्या."

पहिल्या हाताच्या दिशेनं गेलो तर नाईलच्या काठी रामसीसच्याच नावाचं उंच हॉटेल निघालं. मामांनी मान मागं टाकून मजले पाहिले. "वारसांनी विकसित केलेलं दिसतंय. पुढं चल."

दुसरा हात मेट्रोकडे होता. 'रामसीस चौकात जा,' असं सगळेच सांगत होते, पण मेट्रोच्या नकाशावर रामसीस नावाचं स्टेशनच नाही. त्या चौकाच्या स्टेशनाला होस्नी मुबारक यांचं नाव होतं. २०११ मध्ये लोकांनी त्यांना सत्तेवरून उतरवलं, पाठोपाठ नावही उतरलं, आणि स्टेशन 'शोहदा', म्हणजे हुतात्मे, झालं. आम्ही सादातला चढलो. पुढं नासर आलं, मग उराबी, मग शोहदा. शेजारच्या मार्गावर नगीबही होते. मामा हळहळले. "राष्ट्राध्यक्ष, पुढारी सगळे बिनतक्रार सापडतायत. राजाच तेवढा बेपत्ता."

चौकात आलो. रेल्वेचं मोठं स्टेशन होतं, उड्डाणपूल होता, हॉर्न होते, मिनीबसच्या दारात लोंबकळून गावांची नावं ओरडणारी पोरं होती. रामसीस नव्हता. मामांनी चहावाल्याला गाठलं. "रामसीस फेन?"

"हाच रामसीस."

"चौक नव्हे. रामसीस, रामसीस!" असं म्हणून मामा भर रस्त्यात डावा पाय पुढं टाकून, हात अंगाला चिकटवून, ताठ उभे राहिले.

चहावाल्याला ओळख पटली. "तो? तो गेला."

मग चहाचे ग्लास आले, खुर्च्या आल्या आणि हकीकत आली. १९५५ मध्ये सरकारनं त्याला मेम्फिसच्या अवशेषांतून उचलून इथं उभा केला. अकरा मीटर उंच, वजन त्र्याऐंशी टन. पन्नास वर्षं तो गाड्यांचा धूर खात आणि गाड्यांचे हादरे सोसत उभा राहिला. शेवटी त्याचा ग्रॅनाइट टिकेना, म्हणून २००६ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री त्याला उभ्याउभ्याच ट्रकवर चढवून गिझाला नेलं. निरोप द्यायला निम्मं शहर रस्त्यावर. नाव मात्र चौकालाच राहिलं.

"म्हणजे गिझाला," असं म्हणून मामांनी वही काढली. तोच बाजूच्या टेबलावरचे एक चष्मेवाले म्हणाले, "गिझाला पुतळा. खुद्द रामसीस फुस्तातला."

खरंच होतं. त्याची ममी पूर्वी तहरीरच्या गुलाबी म्युझियममध्ये होती. एप्रिल २०२१ मध्ये तिच्यासह बावीस राजेराण्यांची वाजतगाजत मिरवणूक निघाली आणि सगळे फुस्तातच्या नव्या म्युझियममध्ये राहायला गेले. त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, ममीला बुरशी लागली म्हणून राजेसाहेब उपचारांसाठी विमानानं पॅरिसला जाऊन आले होते, आणि तिथं त्यांना लष्करी सलामी मिळाली होती. तेवढ्यात तिसरा म्हणाला, "मीत रहीनाला आणखी एक आहे, उताणा पडलेला." चौथा म्हणाला, "अबू सिंबेलला चार आहेत, बसलेले." ते तरी मूळ जागी असतील, या आशेनं मामांनी विचारलं. चौथ्यानं मान हलवली. आसवान धरणाचं पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये अख्खं देऊळ कापून पासष्ट मीटर वर नेलेलं.

मामा बराच वेळ गप्प होते. मग वहीत रकाने आखून त्यांनी फेरफार नोंदवायला घेतले. १८८१ चा पहिला. त्या साली ममी लक्सरजवळच्या एका गुप्त भुयारात सापडली. चोरांच्या भीतीनं पुजाऱ्यांनीच तिला मूळ थडग्यातून काढून तिथं लपवलं होतं. "म्हणजे मेल्यावरसुद्धा याला एका जागी राहू दिलेलं नाही. नोकरीत एवढ्या बदल्या माझ्यासुद्धा झाल्या नाहीत." मग पेन थांबवून म्हणाले, "चौकशीत पंचांचे जबाब जुळले नाहीत की कोणीतरी खोटं बोलत असतं, असं मी छत्तीस वर्षं धरून चाललो. इथं एकाचाही जबाब दुसऱ्याशी जुळत नाही आणि सगळे खरे!"

गिझाच्या भव्य नव्या म्युझियमच्या दालनात तो अखेर भेटला, २०१८ पासून तिथंच उभा. मामांनी त्याला नमस्कार केला, भोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वहीत लिहिलं, 'खातेदार समक्ष हजर. ताबा तूर्त कायम.'

परतीच्या टॅक्सीत ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "हिंद?" मामांनी होकार दिला. त्याचे डोळे चमकले. "अमिताब बच्चन फेन?"

"मुंबई. जुहू."

"जुहू फेन?"

मामांनी क्षणभर विचार केला. पाहुण्याला 'ठाऊक नाही' म्हणून वाटेला लावणं एव्हाना त्यांनाही जमेनासं झालं होतं. गाडी पिरॅमिडांकडे पाठ करून साधारण पूर्वेला चालली होती. त्यांनी समोरच्या काचेकडे हात केला.

"अला तूल."