आड काय आहे ते आधी सांगा

‘धडक’मध्ये जान्हवी कपूर देखणी दिसते, ईशान खट्टर जीव ओतून काम करतो, उदयपूरचा तलाव सकाळ-संध्याकाळ चमकतो. तरी त्या दोघांच्या प्रेमाची धग खुर्चीपर्यंत पोचत नाही. जुलै २०१८ मध्ये सिनेमा आला तेव्हा चर्चा एकाच गोष्टीची होती, या जोडीची केमिस्ट्री जमली का? जो तो दोन चेहऱ्यांकडं निरखून बघत होता. तिथं काही सापडणार नव्हतं. दोन माणसांची ओढ पडद्यावर पेटते ती त्यांच्या आड काय उभं आहे त्यावर. आड काहीच नसेल तर त्यांनी तासभर एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं तरी बघणाऱ्याचं काय जातं?

बीड जिल्ह्यातल्या आमच्या लिंबागणेशहून पश्चिमेला निघालं की पाटोदा, जामखेड आणि मग करमाळा. ‘धडक’ ज्याच्यावरून निघाला त्या ‘सैराट’चा मुलूख आमच्या वाटेवरचा आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण त्याच तालुक्यातलं. रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा शाळेत शिकणारी. आकाश ठोसर तालमीत घुमलेला पैलवान. दोघांपैकी कुणालाही कॅमेऱ्यापुढं उभं राहण्याची सवय नव्हती. आणि याच दोघांनी २९ एप्रिल २०१६ नंतर महाराष्ट्राला वेड लावलं. मराठी सिनेमाला शंभर कोटींच्या धंद्याची वेस ओलांडता येते, हे तोवर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता त्याच वाटेवरची दुसरी गोष्ट. जामखेड तालुक्यातलं खर्डा इतिहासाच्या पुस्तकात १७९५ च्या लढाईनं येतं. आमच्या पिढीला ते गाव २८ एप्रिल २०१४ नं माहीत आहे. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला त्या दिवशी ठार मारलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. खर्ड्यानंतर दोन वर्षांनी ‘सैराट’ आला. आकाशचा परश्या विहिरीत उडी टाकतो आणि समोर रिंकूची आर्ची असते, तेव्हा आमच्या भागातल्या थेटरात शिट्ट्या पडत होत्या, आणि त्याच वेळी पोटात गोळाही येत होता. या पोराला या पोरीकडं बघण्याची काय किंमत पडू शकते, हे प्रेक्षकाला ठाऊक होतं. पात्रांना ते अजून ठाऊक नव्हतं. केमिस्ट्री म्हणतात ती त्या गोळ्यातून आली. आकाश आणि रिंकूनं फक्त निर्भरपणे एकमेकांकडं बघायचं होतं, आणि ते त्यांनी फार सुंदर केलं.

आर्ची ट्रॅक्टर चालवत परश्याच्या घरी येते आणि प्यायला पाणी मागते. दुसऱ्या कुठल्या सिनेमात हा बिनमहत्त्वाचा प्रसंग ठरला असता. इथं पाटलाची पोरगी खालच्या मानलेल्या जातीच्या घरचं पाणी पिते आहे. गावात कुणाच्या घरचं पाणी कोण पितं याचा हिशोब ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांना त्या पाण्यात सगळं प्रेम दिसलं. चुंबनाची गरजच राहिली नाही.

आणि मंजुळे तिथं थांबले नाहीत, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. उत्तरार्धात दोघं हैदराबादला झोपडपट्टीतल्या खोलीत येतात. आर्चीला स्वयंपाक येत नाही, तिथली घाण सहन होत नाही, घरची आठवण गळ्याशी येते. परश्या संशय घेतो, हात उचलतो. पूर्वार्धातल्या गाण्यांत जे प्रेम फुललं, त्याची परीक्षा त्या खोलीत होते. आड उभी असलेली व्यवस्था गावात राहिली असं वाटत असताना ती परश्याच्या हातातून बाहेर पडते. इतकं खरं बोलणारी प्रेमकथा आपल्याकडं क्वचित झाली.

मग या सिनेमाचे इतर भाषांत अवतार निघाले. पंजाबीत ‘चन्ना मेरेया’, कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’, उडियात ‘लैला ओ लैला’, बंगालीत ‘नूर जहाँ’ आणि हिंदीत ‘धडक’. यातला कन्नड अवतार मला फार बोलका वाटतो. एस. नारायण यांनी २०१७ मध्ये तो केला आणि नायिका म्हणून थेट रिंकू राजगुरूलाच घेतलं. तीच मुलगी, तीच कथा. तरी ‘सैराट’ची लाट काही तिकडं उठली नाही. केमिस्ट्री नटनटीच्या अंगात असते असं मानणाऱ्यांनी या एका उदाहरणाचं उत्तर द्यावं.

‘धडक’नं अजय-अतुलचं संगीत नेलं, ‘झिंगाट’ हिंदीत नेलं, शेवटचा धक्काही आपल्या परीनं बदलून नेला. सोडून दिली ती जात. नायिकेचा बाप हॉटेलवाला आणि राजकारणी, नायकाच्या बापाचं तलावाकाठी रेस्टॉरंट. जातीचा उल्लेख ओझरता, घाईघाईनं उरकलेला. म्हणजे एक मोठा धंदेवाईक आणि एक छोटा धंदेवाईक, एवढंच अंतर उरलं. एवढ्या अंतरासाठी कुणी लेकीच्या संसारावर मारेकरी घालेल हे पटत नाही. मग शेवटी होणारा खून आभाळातून पडल्यासारखा वाटतो, आणि त्याच्या आधीचं प्रेम सुट्टीतल्या सहलीसारखं. राजस्थानात जात नाही असं तर कुणी म्हणणार नाही. दिग्दर्शक शशांक खेतान यांना ती उदयपूरच्या गल्लीगल्लीत सापडली असती. शोधली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या बीड शहरात आंतरजातीय लग्न केलेल्या एका तरुणाचा भररस्त्यात खून झाला. ‘धडक’ येऊन पाच महिने झाले होते. जातीमुळं माणसं मारली जाणं मोठ्या प्रेक्षकाला कळणार नाही, असं ज्यांना वाटलं असेल त्यांच्याबद्दल मला राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

परक्या मातीत प्रेमकथा रुजतच नाही असं मात्र नाही. के. बालचंदर यांनी १९७८ मध्ये तेलुगूत ‘मरो चरित्र’ केला. मुलगा तमिळ, मुलगी तेलुगू, गाव विशाखापट्टणम. १९८१ मध्ये त्यांनीच तो हिंदीत आणला, ‘एक दुजे के लिए’. आता तमिळ-तेलुगू भांडण हिंदी प्रेक्षकाला काय कळणार? बालचंदरनी कथा गोव्याला नेली, मुलगा तमिळच ठेवला आणि शेजारी उत्तरेकडचं हिंदी बोलणारं कुटुंब आणून बसवलं. हिंदी आणि तमिळ यांच्यातली तेढ तेव्हा देशभर माहीत होती. वासूला हिंदी येत नाही, सपनाला तमिळ येत नाही, आणि ते न येणं हाच त्यांचा खेळ, त्यांची लाडीगोडी आणि शेवटी त्यांचं मरण. गाव बदललं, भाषा बदलली. आड काय आहे हे मात्र त्यांनी नव्यानं शोधलं आणि सिनेमा धो धो चालला. कमल हासन दोन्हीकडं होताच, पण नुसत्या कमल हासनवर ते झालं नाही.

जेन ऑस्टिनचंही तेच. राजीव मेनन यांनी २००० मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’वरून तमिळ ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ केला. मूळ कादंबरीत वारसा पुरुषाकडं जातो आणि मायलेकींना घर सोडावं लागतं. तमिळनाडूतही नेमकं तेच घडतं, वाडा सुटतो आणि बायका चेन्नईला येतात. घर गेलेल्या मुलीनं प्रेमात पडणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजवावं लागत नाही. त्या मानानं गुरिंदर चड्ढांचा ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ बघा. अमृतसरची ऐश्वर्या राय, अमेरिकेचा श्रीमंत डार्सी. रंग, गाणी, लग्नं भरपूर. पण या दोघांनी जमवलं नाही तर कुणाचं काय बिघडेल, हे सिनेमाला सांगता येत नाही.

स्पीलबर्गनं २०२१ मध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’ पुन्हा केला तेव्हा पोर्तो रिकोची पात्रं लॅटिन वंशाच्या नटांना दिली आणि त्यांच्या स्पॅनिश संवादांना इंग्रजी उपशीर्षकं द्यायची नाहीत असं ठरवलं. इंग्रजी प्रेक्षकाला काही वाक्यं कळू नयेत, हाच तो निर्णय. भाषेची आडकाठी थेट प्रेक्षकाच्या कानात. १९६१ च्या सिनेमात नटांना तपकिरी रंग फासून काम भागवलं होतं. साठ वर्षांनी का होईना, कुणीतरी शिकलं.

आपल्याकडंही करण जोहरच्या धर्मा कंपनीनं ऑगस्ट २०२५ मध्ये ‘धडक २’ आणला. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाल’वर बेतलेला, शाझिया इक्बाल यांनी केलेला. मूळ तमिळ सिनेमात नायकाला प्रेम परवडतच नाही. हिंदीत त्याची रीतसर प्रेमकथा केली, ते मला थोडं खटकतं. पण जात या वेळी समोर आहे, उघड आहे, आणि म्हणून सिद्धांत चतुर्वेदी आणि तृप्ती डिमरी एकमेकांकडं बघतात तेव्हा त्या बघण्याला वजन येतं.

आता कुणाला रोमिओ-ज्युलिएट आमच्या बालाघाटाच्या डोंगरात आणायचं असेल तर माझी हरकत नाही. उलट मी वाट बघतोय. पण दोन खानदानं, तलवारी, मेजवानीत भेट, हे आणू नका. ते मूळ नाटकातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. शेक्सपिअरची ज्युलिएट चौदा वर्षांचीही झालेली नाही. बाप तिचं लग्न परस्पर ठरवतो, वारही सांगून टाकतो, येत्या गुरुवारी. पोरगी नाही म्हणते तर घराबाहेर काढायची धमकी देतो. मुंबईच्या सिनेमाला ही गोष्ट कायम अवघड गेली आहे, म्हणून तो ज्युलिएटला कॉलेजात पाठवतो. बीड जिल्ह्यात ती जशीच्या तशी उभी आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने मुक्काम उसाच्या फडावर, कोपीत, म्हणजे झोपडीत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती जोडप्याच्या नावावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी अर्धा कोयता. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापाचा प्रश्न खरा आहे. आणि लग्न लावलं की जबाबदारी उतरते, वर सासरी एक कोयता पुरा होतो, हा त्याचा भयानक जवाबही तितकाच खरा आहे. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, मुलीचं वय अठरा हवं. कायदा तालुक्याच्या गावी राहतो आणि टोळीच्या निघण्याची तारीख घराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते. ज्युलिएटच्या व्हेरोनातला तो गुरुवार आमच्याकडं दर वर्षी येतो.

या गोष्टीत नायकाला बाल्कनी मिळणार नाही. हापसा मिळेल, एसटीची वाट बघण्याची जागा मिळेल, लिंबागणेशच्या भालचंद्र गणपतीच्या देवळात चतुर्थीची गर्दी मिळेल. ती मुलगी त्याला बघेल आणि तो तिला बघेल, इतकं पुरेल, कारण दोघांनाही माहीत आहे की दिवाळीनंतर तो कुठल्या तरी फडावर असेल आणि ती कदाचित कुणाची बायको असेल. एवढं माहीत असलेल्या दोन पोरांना दिग्दर्शकानं वेगळा अभिनय शिकवायची गरज नाही.

आणखी एक सिनेमा इथं आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. लग्न आधी झालेलं, ओळख नंतर. पहाटे थंडीत उसात शिरलेली दोन माणसं. तो तोडतो, ती साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. खाडा झाला तर दंड दोघांच्या हिशोबात. आजारी पडायची सोय नाही. याच कामापायी तरुण बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ मध्ये बीडमधून देशभर गेल्या. अशा ठिकाणी नवऱ्यानं एखाद्या दिवशी बायकोच्या डोक्यावरची मोळी स्वतःच्या डोक्यावर घेतली, तर ते काय असतं? मी तो क्षण पडद्यावर बघायला तळमळतो आहे. त्याला व्हायोलिन लावायची गरज पडणार नाही.

तर निर्मात्यांनो, या. दसऱ्याच्या आत या, नंतर आलात तर अर्धं गाव भेटणार नाही. मुकादमाकडं बसून उचलीचा हिशोब समजून घ्या, हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या पोरांशी बोला. आणि नायिका म्हणून जी मुलगी निवडाल, तिला तुझं कुणावर प्रेम आहे का हे पहिल्यांदा विचारू नका. दहावीचा फॉर्म भरलास का, ते विचारा.