ई म्हणजे ईऽऽ!

पुणे ते गुहागर. पहाटे पाचला निघायचं, ताम्हिणीतून माणगाव, मग महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण. गाडीत पाच जीव : मी, बायको, आई, चौथीतली थोरली आणि बालवाडीतला धाकटा. कामांची वाटणी झाली. बायकोकडे तिखटमिठाच्या पुऱ्या, आईकडे आवळासुपारी आणि उलटीच्या पिशव्या, माझ्याकडे गाणी.

"मुलांसमोर वाजवता येतील अशी लाव," बायको म्हणाली. "आणि नवी लाव. गेल्या वेळी तुझ्या भावगीतांनी गाडीतले सगळे झोपले होते. चालवणाराही डुलक्या घेत होता."

नवी, आणि मुलांसमोर वाजवता येतील अशी. म्हणजे कांदा न घालता कांदाभजी.

आधी वाटलं, सोपं आहे. ॲपवर काही गाण्यांच्या नावाशेजारी एक छोटा चौकोन असतो, त्यात इंग्रजी 'ई'. एक्स्प्लिसिटचा ई. बायको म्हणाली, "ई म्हणजे ईऽऽ." इतकी नेमकी व्याख्या ॲपवाल्यांनाही जमली नसती.

या ई-चं माहेर अमेरिकेत आहे. टिपर गोर नावाच्या बाईंनी लेकीसाठी प्रिन्सची 'पर्पल रेन' ही रेकॉर्ड आणली आणि त्यातलं एक गाणं ऐकून त्यांचे कान तापले. यजमान ॲल गोर तेव्हा सिनेटर होते, त्यामुळे तापलेल्या कानांची दखल दिल्लीच्या, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनच्या, पातळीवर घेतली गेली. 1985 साली सिनेटच्या समितीपुढे रीतसर सुनावणी झाली आणि रेकॉर्ड कंपन्यांनी वेष्टनावर पालकांसाठी इशाऱ्याची पट्टी मान्य केली. पोरांची मोठीच सोय झाली. दुकानात शोधत बसायला नको, पट्टी बघायची आणि तीच रेकॉर्ड उचलायची.

आपल्याकडे मात्र हा ई बिनकामाचा. आपल्या गाण्यात वाईट शब्द नसतोच. शब्द सगळे शेतातले, स्वयंपाकघरातले, कोंबड्यांच्या खुराड्यातले. अर्थ तेवढा पलीकडच्या आळीत राहतो. सुलोचना चव्हाणांनी अंगभर पदर घेऊन, ताठ बसून अशा लावण्या गायल्या, लावणीसम्राज्ञी झाल्या आणि 2022 साली पद्मश्रीही मिळाली. त्यांची एक गाजलेली लावणी वरवर पाहता उसाच्या राखणीबद्दल आहे. धाकट्याला ऐकवली तर तो म्हणेल, 'आमची माती आमची माणसं' लागलंय. मशीनला ऊस कळतो, फड कळत नाही.

दादा कोंडक्यांनी सेन्सॉर बोर्डाला याच खिंडीत गाठलं होतं. वाक्य वाईट आहे असं म्हणायचं तर आधी वाईट अर्थ आपल्याला कळला, हे कबूल करावं लागतं. आणि चारचौघांत ते कबूल कोण करणार?

बोर्डाने आता सिनेमासाठी यूए 7+, 13+ आणि 16+ असे वयाचे गट पाडलेत. यूट्यूबवर सुटं आलेलं गाणं मात्र बोर्डाच्या दारावरून जातच नाही. तेव्हा घरचं बोर्ड मीच. चार रात्री, एक वही, कानात इअरफोन. वहीत चार रकाने : दारू, शिवी, अंग, प्रेम. ज्या गाण्यात यातलं काही सापडेल ते बाद. दुसऱ्या रात्री चौथा रकाना खोडला, कारण तो ठेवला तर राष्ट्रगीत आणि आरत्या एवढंच उरत होतं. तिसऱ्या रात्री दारूचा रकाना सैल केला. ज्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाच वर्षांच्या मुलाचा केक कापताना वोडकाच्या बाटल्या मोजणारं गाणं वाजतं आणि पाचच्या पाच आज्या टाळ्या देतात, तिथे मी एकट्याने किती ताणून धरायचं?

'झिंगाट'पाशी तासभर अडलो. सैराट 2016 चा, म्हणजे गाणं थोरलीपेक्षा वयाने मोठं. शब्दाचा अर्थ तर्र. पण गॅदरिंगला पोरं त्यावर नाचतात, गणपतीच्या मिरवणुकीत पोलिसांचाही पाय हलतो. जे सगळ्यांनी खाल्लं ते शाकाहारी, हा आपला जुना न्याय. तरी पालक म्हणून मी ते बाद केलं. बोर्डाने कुठेतरी कठोर दिसायला हवं. संजू राठोडची 'गुलाबी साडी' मात्र एका फटक्यात पास. साडी आहे, गुलाबी आहे, नेसलेली आहे. बोर्डाला आणखी काय हवं?

मग मला परदेशी वाट सापडली. गाडीतल्या एकालाही ज्या भाषेचं ओ की ठो कळत नाही, त्या भाषेतलं गाणं आपोआप संस्कारी. कोरियन सगळी पास. स्पॅनिश 'देस्पासितो'ही पास. नंतर कळलं, 2017 मध्ये मलेशियाच्या सरकारी प्रसारण संस्थेने हेच गाणं अश्लील बोलांवरून बंद केलं होतं. तिथे कोणीतरी बोलांचा अर्थ लावायला बसलं असणार. अज्ञानात सुख आहे हे लोकांना कळतच नाही.

जुन्या बालगीतांवर बायकोचा भरवसा होता. मी तीही नव्या नियमाने तपासली. पाडगांवकरांचा भोलानाथ? पावसाने शाळा बुडावी म्हणून मुलाने बैलाला घातलेलं साकडं. चॉकलेटचा बंगला? दाताच्या डॉक्टरांची जाहिरात, आणि बांधकाम परवानगीचा पत्ता नाही. 'नाच रे मोरा' तेवढं निर्दोष निघालं : गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशाबाईंचा आवाज, 1953 सालचं. पण सूचना होती 'नवी लाव'. उरलं 'बेबी शार्क'. यूट्यूबवर 10 अब्जांचा आकडा सगळ्यात आधी गाठलेला व्हिडिओ. त्यात मुलांना अपाय करणारं काही नाही. ते सलग पाच तास ऐकणाऱ्या मोठ्या माणसांचं काय, हा प्रश्न कोणत्याच बोर्डाच्या कक्षेत येत नाही.

माझ्या आधी हा उद्योग बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी केला होता. ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात नभोवाणी मंत्री. सिनेमाची गाणी उथळ, देशाने शास्त्रीय ऐकावं, म्हणून 1952 मध्ये त्यांनी आकाशवाणीवरची सिनेगीतं आटवली. देशाने आज्ञाधारकपणे मान हलवली आणि रेडिओचा काटा श्रीलंकेवर नेला. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली ती त्याच वर्षी. शेवटी 1957 साली आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. देशाला पाच वर्षं लागली. माझ्या मागच्या सीटला किती लागतील याचा अंदाज मला यायला हवा होता.

चौथ्या रात्री यादी तयार झाली. पास गाणी चाळीस. नापास एकशेबारा. एकशेबारा गाणी नापास करायची तर ती शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकावी लागतात, काही दोनदा, एखादं खात्री करायला तिसऱ्यांदाही. गाळणीलाच सगळा गाळ लागतो. सकाळी दाढी करताना मी काय गुणगुणत होतो ते इथे छापता येणार नाही.

निघालो. मुळशीपर्यंत सगळं छान चाललं. गुलाबी साडी झाली, कोरियन झालं, धाकट्याने शार्कचं अख्खं खानदान तीनदा जेवू घातलं. ताम्हिणी सुरू झाली आणि ताम्हिणीत जे सगळ्यांचं होतं तेच झालं : रेंज गेली. गाणं कडव्याच्या मधोमध थांबलं. जुन्या पिढीतला माणूस मी, चाळीस पास गाण्यांची यादी नुसती जुळवून ठेवली होती. डाउनलोड केलेली यादी एकच. रात्री वायफाय दगा देतं म्हणून तपासणीसाठी उतरवून घेतलेली.

ॲपने प्रसंगावधान राखलं आणि नापास यादी लावली.

हात स्टिअरिंगवर, पुढे वळण, समोरून एसटी. बंद करायला जावं तर दरी, न करावं तर त्याहून खोल दरी. स्पीकरमधून पहिली ओळ आली. बायकोने खिडकीबाहेर नसलेला धबधबा बघायला सुरुवात केली. आईने आवळासुपारीची डबी उघडली आणि बंद केली. दुसरी ओळ आली. तिसरीत ते होतं. मी श्वास रोखला.

मागून दोन सीटच्या फटीतून एक छोटा हात पुढे आला आणि स्क्रीनवर टिचकी मारली. तिसऱ्या ओळीच्या बरोबर आधी. अर्धा सेकंदही इकडे-तिकडे नाही.

"आजी बसलीये ना, बाबा," थोरली म्हणाली.

पुढच्या गाण्यालाही तेच. ध्रुवपद वाजू दिलं, दुसरं कडवं उडवलं. त्याच्या पुढच्याला मधले दोन शब्द, फक्त दोन, आवाज शून्य करून परत वर. मी चार रात्री वही घेऊन बसलो होतो, हिला वहीही लागली नाही. आणि मग दादांची ती खिंड मला माझ्याच गाडीत दिसली : ओळीच्या आधी टिचकी मारायची तर ओळ पाठ हवी. आपली चिमुरडी निरागस राहावी म्हणून मी जे जे बाद केलं, त्यातलं नेमकं काय बाद करायचं हे चिमुरडीला माझ्याआधी ठाऊक होतं. विचारायचं तर तिने मला विचारलं असतं, तुला कसं कळलं? दोघांनीही काही विचारलं नाही. घराण्याची अब्रू अशीच राहते.

"तुझी यादी राहू दे, मी माझी लावते," असं म्हणून तिने आपला टॅब जोडला. त्यात सगळं उतरवून ठेवलेलं. रेंजच्या भरवशावर तिच्या पिढीतलं कोणी घाटात शिरत नाही. यादीचं नाव स्क्रीनवर आलं : 'मोठ्यांसमोर'.

पहिलंच गाणं 'नाच रे मोरा'. मग भोलानाथ, मग चॉकलेटचा बंगला. गुहागरपर्यंत पुरतील इतकी सोज्वळ गाणी, एकातही ई नाही, ईऽऽ तर नाहीच. माणगावच्या बाजारात गाडी तासभर अडकली तेव्हाही यादी ढळली नाही.

महाड गेल्यावर आई पहिल्यांदा बोलली.

"काय गं हे, सगळं लहान मुलांचं? ते झिंगाट नाही का तुझ्याकडे?"