निळ्या पडद्यामागची प्रगती

इंटेलने 2007 साली बाजारात आणलेला कोअर 2 क्वाड क्यू6600 हा प्रोसेसर 2.4 गिगाहर्ट्‌झवरच चालावा, हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. बसच्या वेगाला गुणणारा त्याचा गुणक 9 च्या वर सरकत नाही, म्हणून जाणकार मंडळी बसचा वेग 266 वरून 400 मेगाहर्ट्‌झवर नेतात आणि 3.6 गिगाहर्ट्‌झ पदरात पाडून घेतात. बसमागोमाग रॅम आणि चिपसेटही ओढले जातात. त्यामुळे निळा पडदा दाखवून संगणक बंद पडला की दोषी नेमका कोण, हे ठरत नाही; चौकशी समित्यांना हेवा वाटावा अशी ही रचना. व्होल्टेज वाढवले की निळा पडदा जातो आणि उष्णता येते (तीही व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत). मोठा पंखा बसवला की उष्णता जाते आणि आवाज येतो. प्रगती म्हणतात ती हीच.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपात नवा प्रोसेसर आला असता. आला असता, पण तो मुकाट्याने काम करत बसला असता, मग मालकाने काय करायचे? रात्रभर प्राइम95 ची चाचणी झेललेला संगणक सकाळी साधे पत्र टाइप करताना कोलमडतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर उपाय एकच: पत्रे टाइप करणे बंद करावे. संगणकाने फक्त चाचण्या द्याव्यात.

बायोसमध्ये सगळी सेटिंग मूळपदावर आणणारा एक पर्याय असतो. तो निवडला की बस 266 वर येते आणि बहुतेक वेळा बंद पडणे थांबते. कृपया त्याला हात लावू नये.