ड्रायव्हरमधला मेलेला कोड: नवशिक्यांसाठी विल्हेवाटीचे धडे

साहित्य: एक लॅपटॉप, लिनक्स कर्नलची ताजी प्रत आणि भरपूर आत्मविश्वास. ज्या यंत्राचा ड्रायव्हर साफ करायचा ते यंत्र लागत नाही. बहुधा ते कोणाकडेच नसतं, म्हणून तर त्या फायलीत इतकी वर्षं कोणी झाडू मारलेला नसतो.

हात बसायला 'ड्रायव्हर्स/स्टेजिंग' हे फोल्डर घ्या. अर्धेकच्चे ड्रायव्हर सुधारेपर्यंत ठेवायची ही जागा 2008 पासून आहे आणि नवख्यांच्या पहिल्या पॅचला तिथे मज्जाव नाही. 'इफ झिरो' शोधा. तिथपासून 'एंडइफ'पर्यंतचा कोड कधीच कंपाइल होत नाही. लिहिणाऱ्याला तो नको होता, पण पुसवतही नव्हता. गिटमध्ये जुनं सगळं सापडतं हे माहीत असूनही त्याने माळ्यावरच्या मोडक्या टेबलफॅनसारखा तो ठेवून दिला. खुशाल उडवा. कर्नलसोबत येणारी चेकपॅच स्क्रिप्टही अशा तुकड्यांवर कुरकुरते, म्हणजे वरून आशीर्वाद आहेच.

आता फंक्शनांकडे वळा. समजा 'स्पीड_शो' नावाचं एक फंक्शन आहे. ग्रेप मारला तर फाइलभर हे नाव एकदाच सापडतं, ते जिथे लिहिलंय तिथे. बोलावणारं कोणी नाही, तर पोसायचं कशाला? उडवा आणि बिल्ड कोसळताना पाहा. खाली 'डिव्हाइस_अ‍ॅट्र_आरओ(स्पीड)' असा मॅक्रो बसलेला असतो. तो 'स्पीड'ला '_शो' चिकटवून नाव स्वतःच तयार करतो आणि ग्रेपला बिचाऱ्याला हे जोडकाम दिसत नाही. ही चूक तशी सज्जन, लगेच बोंब मारते. सस्पेंडची फंक्शनं लबाड असतात. पॉवर मॅनेजमेंट बंद ठेवून बिल्ड केलं की जुन्या वळणाच्या ड्रायव्हरांत त्यांना हाक मारणारा मॅक्रो रिकामा होतो आणि कंपायलर 'हे वापरलेलं नाही' अशी तक्रार करतो. तुम्ही ती काढता, तुमच्याकडे सगळं सुरळीत, आणि उरलेल्या जगाचा बिल्ड मोडतो.

एवढ्याने धीर सुटला नसेल, तर 'डब्ल्यू=1' लावून बिल्ड करा. जास्तीच्या वॉर्निंगांत एक हमखास भेटते: 'व्हॅल'मध्ये किंमत भरली, पण पुढे वापरली नाही. ओळ साधी असते. स्टेटस रजिस्टर 'रीडएल'ने वाचलं, 'व्हॅल'मध्ये ठेवलं, संपलं. कुणाच्याही मनात येईल की वाचायचं आणि विसरायचं, हा कसला कारभार! ओळ काढा. वॉर्निंग जाते, बिल्ड स्वच्छ होतो, मेंटेनरकडेही ते कार्ड नसल्याने पॅच आत जातो.

बऱ्याच चिपांमध्ये स्टेटस रजिस्टर वाचणं हाच इंटरप्ट पुसण्याचा मार्ग असतो. वाचलं नाही तर चिप ओरडत राहते आणि सीपीयू त्याच हँडलरमध्ये गरगरत बसतो. दुसरा प्रकार याहून बेरकी. पीसीआयवर लिहिलेली किंमत चिपपर्यंत लगेच पोचेलच असं नाही, वाटेतल्या ब्रिजमध्ये ती रेंगाळू शकते. त्याच चिपवरून काहीतरी वाचलं की आधीचं लिहिलेलं पुढे ढकललं जातं. म्हणून जाणकार माणूस रीसेटचा बिट लिहितो, एकदा वाचतो, दहा मायक्रोसेकंद थांबतो आणि मग बिट काढतो. मधलं वाचन तुम्ही उडवलंत तर ते दहा मायक्रोसेकंद ब्रिजमध्येच खर्ची पडू शकतात आणि चिपला रीसेट धड कळतच नाही. तुमच्या मशीनवर चालेल, दुसऱ्याच्या मशीनवर पाच वेळांतून एकदा अडेल. कंपायलरला 'व्हॅल' दिसतं, तांब्याच्या तारा दिसत नाहीत. काढायचं ते व्हेरिएबल. 'रीडएल' जागेवर ठेवा आणि ते तिथे का आहे याची एक ओळ वर लिहा. मूळ लेखकाने ती लिहिली असती तर या धड्याची गरजच पडली नसती, पण लेखक तेव्हा घाईत होता.

त्याला गाठावं म्हणून गिट ब्लेम चालवलंत, तर जुन्या फायलींत जिकडेतिकडे एकच उत्तर येतं: लिनस टोरवाल्ड्स, 16 एप्रिल 2005. त्या दिवशी 2.6.12-आरसी2 गिटमध्ये एकरकमी टाकलं गेलं, मागचा इतिहास आलाच नाही.

अख्खा ड्रायव्हर काढायची हौस असेल तर जरा दमानं. चालतं फ्लॉपी हार्डवेअर मिळेनासं झालं म्हणून 2019 मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरला अनाथ ठरवलं, तरी व्हर्च्युअल मशीनमध्ये नकली फ्लॉपी फिरतच होती आणि लवकरच त्याला नवा पालकही मिळाला. उलट, लिनक्स ज्या 386 वर जन्मलं त्याचा आधार 2012 च्या डिसेंबरमध्ये काढला गेला. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या रजिस्टरांच्या लाखो ओळी पाहून मात्र लाळ गाळू नका. त्यांतल्या बहुतेक नावांना कोणी विचारत नाही हे खरं, पण ती यंत्राने छापलेली आहेत आणि पुढच्या चिपसोबत आणखी येणार आहेत.

शेवटी पॅच. एका पॅचमध्ये एकच काम, खाली 'साइन्ड-ऑफ-बाय', आणि 'फक्त कंपाइल करून पाहिलं' ही कबुली न लाजता. मग कधीतरी कोणीतरी कळवतो की ते कार्ड त्याच्याकडे अजून चालतं, म्हणजे परवापर्यंत चालत होतं. रिव्हर्ट तुम्हालाच करावा लागतो. परत आलेल्या ओळी गिट ब्लेममध्ये रिव्हर्ट करणाऱ्याच्या नावावर चढतात. फायलीला ठरलेला मेंटेनर नसेल, तर मेंटेनर शोधून देणारी स्क्रिप्ट अलीकडे सही केलेल्यांची नावं पुढे करते. त्या कार्डाबद्दलचा यापुढचा प्रत्येक पॅच आता तुमच्या इनबॉक्समध्ये येईल.