जलपरीला गोंदियात नांदवताना

किशोरवयीन वाचकांसाठी जलपरीची प्रेमकथा लिहायची आणि ती गोंदिया जिल्ह्यातच घडवायची असेल, तर आधी समुद्र डोक्यातून काढा. तिथून इथवर येता येता नायिकेचं सुकट होईल.

तलाव मात्र म्हणाल तेवढे. कोहळी मंडळींनी काही शतकांपूर्वी बांधलेले, मालगुजारी १९५१ साली गेल्यावर सरकारजमा झालेले माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव. निवडताना सिंचनक्षमता विचारून घ्या. १०० हेक्टरपर्यंत जिल्हा परिषद, त्यापुढे पाटबंधारे खातं. शिवाय मासेमारीचा ठेका ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा नायिका रात्री जाळ्यात सापडली तर तिच्यावर हक्क कुणाचा, हे पहिल्याच प्रकरणात मिटवा. डेन्मार्कच्या अँडरसनला १८३७ साली ही कटकट नव्हती. त्याची जलपरी खुशाल फेस होऊन विरली. आपली विरली तर पंचनामा होईल.

कमरेखाली कोणता मासा, हा प्रश्न नाजूक आहे. रोहू-कटला दिसायला देखणे, पण त्यांचं बीज बाहेरून आणून सोडलेलं; सोयरीक जुळवताना घराणं काय सांगणार? मरळ घ्या. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळे पाळीवर बसून दोन पानं संवाद सहज होतो. उन्हाळ्यात तलाव आटला तरी ती ओल्या चिखलात तग धरते. पिल्लांची राखण करण्याचा तिचा लौकिक आहे, म्हणजे अर्धमानवी मुलांचा दुसरा भागही आत्ताच मार्गी लागला. ती छोटे मासे खाते, हे नायकाच्या आईला एवढ्यात कळू देऊ नका.

कुणी ‘ही परदेशी थेरं’ म्हणालंच, तर महाभारत पुढे करा. सत्यवती मासळीच्या पोटची, वाढली धीवराघरी. वसंत कानेटकरांनी तर १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ हे संगीत नाटकच लिहिलं. उलूपीने अर्जुनाला सरळ पाण्यात ओढून नेलं होतं, पण तो दाखला पालकसभेत नको.

खलनायिका म्हणून समुद्रातली चेटकीण शोधत बसू नका. पावसाने दडी मारली, धान निसवायला आलं की शेतकरी तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडतात. पाणी पाटाने बांध्यांत निघतं. इथे कथा पेटते: नायकाच्याच बापाचं धान वाळतंय आणि पाणी सोडलं तर नायिका उघडी पडतेय. दोघांच्या मधे शिंगाड्याचा वेल घाला, फार काव्य नको. पाळीपलीकडच्या बांधीत सारसाची जोडी उभी करा. जन्मभर जोडीने राहणारे हे पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः याच भागात उरलेत, त्यामुळे ‘जोडी कशी असावी’ हे नायकाला वेगळं सांगावं लागत नाही. संवाद मात्र इथलेच हवेत. चंद्रप्रकाशात पाण्यातून डोकं काढून ती ‘प्रियकरा’ म्हणाली की पुस्तक मिटलं जातं. ‘काहून बे, काल काहून नाही आला?’ एवढं पुरे.

पुण्याचे प्रकाशक कथा रत्नागिरीला हलवा म्हणतील. हलवू नका. वडशाला जाऊन झाडीपट्टीची एखादी नाटक कंपनी गाठा. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव रात्रभर प्रयोग लागतात आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाहीत. फक्त शेपटी चटकन उसवता येईल अशी शिवून घ्या. मध्यंतरानंतर जलपरीला दोन गाण्यांवर नाचायचं असतं.